विम्याचं दार उघडं आहे, पण अर्जाशेजारी कोण बसणार?

अमेरिकेत आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने बाजारातून विकत घ्यायची वेळ सगळ्यांवर सारखी येत नाही. जवळपास निम्म्या देशाचा विमा नोकरीबरोबर येतो. पासष्टी ओलांडली की मेडिकेअर आहे, मिळकत फारच कमी असेल तर मेडिकेड आहे. या तिन्हींत न बसणारे उरतात: टॅक्सी किंवा उबर चालवणारे, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये दिवसभर उभे असणारे, लोकांची घरं पुसणाऱ्या बायका, थ्रेडिंग करणाऱ्या मुली, ड्रायक्लीनिंगची दुकानं, छोटी मोटेलं आणि गॅस स्टेशन चालवणारी कुटुंबं. अमेरिकेत थोडंफार राहिलेल्या कोणालाही ही यादी वाचतानाच कळतं की यात गोरे चेहरे किती आणि बाकीचे किती.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देणं हा माझा व्यवसाय. आमच्या राज्यात विम्याची नोंदणी 1 नोव्हेंबरला सुरू होते आणि आजवर ती 31 जानेवारीपर्यंत चालत आली आहे. त्या काळात शनिवारी मी एका सामुदायिक आरोग्य केंद्रात बसते आणि ज्यांना स्वतःचा विमा घ्यायचा आहे त्यांना अर्ज भरायला मदत करते. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि कोणत्याही विमा कंपनीकडून एक छदामही घ्यायचा नाही अशी अट असते. माझ्यासमोरच्या खुर्चीत गुजराती, नेपाळी, बांगलादेशी, इक्वेडोरचे, डोमिनिकन, हैतीचे, आणि याच देशात सात पिढ्या राहिलेले कृष्णवर्णीय अमेरिकन असे सगळे येतात. मराठी माणूसही येतो, पण तो शक्यतो सगळ्यात शेवटी, गर्दी पांगल्यावर येतो.

कायद्याने पाहिलं तर या बाजारात वंशाला जागा नाही. 2010 च्या आरोग्य कायद्याने, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, 2014 पासून विमा कंपन्यांचे हात बांधले. हप्ता ठरवताना वय, राहण्याचं ठिकाण, कुटुंबातली माणसं आणि तंबाखूचं व्यसन यापलीकडे काहीही बघायचं नाही. जुना आजार आहे म्हणून कोणाला नाकारायचं नाही. तरीही 2023 मध्ये पासष्टीच्या आतल्या गोऱ्यांपैकी 6.5 टक्के लोकांकडे विमा नव्हता, कृष्णवर्णीयांपैकी 9.7 टक्क्यांकडे, लॅटिनोंपैकी 17.9 टक्क्यांकडे, आणि या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी 18.7 टक्क्यांकडे. 2010 मध्ये लॅटिनोंपैकी जवळजवळ एक तृतीयांश आणि कृष्णवर्णीयांपैकी पाचांत एक विम्याविना होता, हे लक्षात घेतलं तर कायद्याने केवढं काम केलं हे दिसतं. पण दरी बुजली नाही. किंमत सगळ्यांना एकाच नियमाने लागते, मग दरी उरते कुठून? माझं उत्तर असं की किंमत कळण्याच्या टप्प्यापर्यंतच सगळे पोचत नाहीत. कोणाला कसली नोकरी मिळते, कोण कुठल्या राज्यात राहतो, कोणाची कागदपत्रं संगणकाला पटतात आणि अर्ज भरताना कोणाच्या शेजारी जाणतं माणूस बसलेलं असतं, यावर ते ठरतं. यातली शेवटची गोष्ट सुधारायला सगळ्यात स्वस्त आहे, आणि आज नेमकी तीच मोडली जाते आहे.

एडिसनहून लोकलने नेवार्क फार लांब नाही. प्रुडेन्शियल ही अमेरिकेतली बलाढ्य विमा कंपनी तिथली. 1881 मध्ये या कंपनीने ठरवलं की कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाकडून आयुर्विम्याचा हप्ता गोऱ्याइतकाच घ्यायचा, पण तो गेल्यावर घरच्यांना रक्कम मात्र एक तृतीयांश कमी द्यायची. त्यावर मॅसॅच्युसेट्सने 1884 मध्ये असा भेद बेकायदा ठरवला, मागोमाग इतर काही राज्यांनीही. तेव्हा कंपन्यांनी काय केलं? दर सारखे केले आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत धंदा मागायला जाणंच आखडतं घेतलं. तिथून पॉलिसी आणणाऱ्या एजंटला कमिशन मिळेनासं झालं. 1896 मध्ये याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने जाडजूड ग्रंथ लिहून सांगितलं की कृष्णवर्णीयांचा मृत्युदर जास्त आहे तो त्यांच्या वंशामुळे, त्यांच्या राहणीमानामुळे नव्हे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्याच काळात त्याच्या मांडणीतल्या चुका दाखवल्या, पण विमा व्यवसायाने वर्षानुवर्षं ऐकलं ते हॉफमनचं. मी हे जुनं उकरून काढते आहे ते एवढ्यासाठी की दर समान करणं आणि दारात माणूस पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं.

नोकरीबरोबर येणाऱ्या विम्याचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंदी घातली, तेव्हा कारखान्यांनी कामगार टिकवण्यासाठी पगाराऐवजी विमा देऊ केला. पुढे 1954 च्या करकायद्याने तो करमुक्त असल्याचं पक्कं झालं. पण तो मिळाला मोठ्या कारखान्यांत, मोठ्या कचेऱ्यांत, जिथे चांगल्या जागा गोऱ्यांच्या होत्या. शेतमजूर आणि घरकामगार, म्हणजे त्या काळचे बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार, 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातूनही वगळले गेले होते. आजही शेतात, किचनमध्ये आणि साफसफाईत काम करणाऱ्याला नोकरीतून विमा मिळणं दुर्मीळच.

2014 च्या आधी तर स्वतःचा विमा घेणाऱ्याची प्रकृती तपासूनच त्याला घ्यायचं की नाही ते ठरायचं. आमचं राज्य त्याला अपवाद होतं. इथे 1990 च्या दशकापासून नाकारायला मनाई होती, पण हप्ते परवडणारे नव्हते. माझे दीर टेक्सासात. चांगली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं छपाईचं दुकान काढलं आणि कुटुंबासाठी विम्याचा अर्ज केला. मधुमेह, रोजची एक गोळी, बाकी प्रकृती ठणठणीत. पत्र आलं, अर्ज नामंजूर. पुढची कित्येक वर्षं माझ्या जावेने केवळ विम्यासाठी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी केली. मधुमेह आपल्या लोकांना कमी वजनातही गाठतो. कृष्णवर्णीयांत, लॅटिनोंत, मूळ रहिवाशांत तो गोऱ्यांपेक्षा जास्त. तेव्हा ‘आम्ही वंश बघत नाही, फक्त मधुमेह बघतो’ असं कंपनी म्हणत असली तरी घाव जिथे पडायचा तिथेच पडत होता. ती प्रथा गेली, हे या कायद्याचं सगळ्यात मोठं देणं.

पण त्याच कायद्याचा दुसरा खांब 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ढासळला. गरिबांसाठी मेडिकेड सगळ्या राज्यांनी वाढवायचं असं कायद्यात होतं; न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. आजही दहा राज्यांनी ते वाढवलेलं नाही, आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी ही त्यातली सात राज्यं दक्षिणेतली आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी निम्म्याहून जास्त दक्षिणेत राहतात. बाजारातल्या पॉलिसीवरची सरकारी सवलत दारिद्र्यरेषेपासून वर सुरू होते, कारण त्याखालच्यांना मेडिकेड मिळेल असं कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. एकट्या माणसासाठी ती रेषा 2025 मध्ये 15,650 डॉलर होती. म्हणजे ह्यूस्टनमध्ये वर्षाला सोळा हजार कमावणाऱ्या एकट्या माणसाला सवलतीत पॉलिसी मिळते, आणि पंधरा हजार कमावणाऱ्याला ना मेडिकेड ना सवलत. त्याने पूर्ण किमतीत विमा घ्यावा, असं त्याला सांगितलं जातं. गरिबी जास्त म्हणून मदत नाही, असा हा उफराटा हिशेब लाखो लोकांच्या वाट्याला आलेला आहे, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त गोरे नाहीत. याला निष्काळजीपणा म्हणणं मला मान्य नाही. त्या राज्यांतल्या आमदारांना हे बारा-तेरा वर्षं ठाऊक आहे.

आता माझ्या टेबलावर काय घडतं ते सांगते.

पहिली अडचण नावाची. संगणक अर्जातलं नाव सोशल सिक्युरिटीच्या आणि इमिग्रेशनच्या नोंदींशी ताडून पाहतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. कोणाच्या पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडलेलं, कोणाच्या कार्डावर गाळलेलं. लॅटिनोंना दोन आडनावं. दक्षिण भारतीयांपैकी कित्येकांना आडनावच नसतं, म्हणून व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, छापलेलं असतं, आणि पुढे ते नाव असल्यासारखं प्रत्येक कागदावर चिकटतं. नोंदी जुळल्या नाहीत की पत्र येतं: अमुक कागदपत्रं सुमारे तीन महिन्यांत पाठवा, नाहीतर सवलत बंद. पत्र इंग्रजीत. आमच्या राज्यातल्या पत्रांच्या शेवटी वेगवेगळ्या भाषांत एकेक ओळ असते की मदत हवी असल्यास या नंबरवर फोन करा. त्यात गुजराती असते, हिंदी असते. पण तिथवर वाचायला पत्र आधी उघडलेलं असावं लागतं. अशी न उघडलेली पाकिटं रबरबँड लावून घेऊन येणारी माणसं मी पाहते.

दुसरी अडचण ओळख पटवण्याची. विम्याच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडताना, तुम्ही तुम्हीच आहात हे तपासायला क्रेडिट कंपनीच्या नोंदींतले प्रश्न विचारतात. तुम्ही गाडीचं कर्ज यांपैकी कुठून घेतलं होतं? पूर्वी यांपैकी कोणत्या पत्त्यावर राहत होता? ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, क्रेडिट कार्डच वापरलं नाही, त्याच्याबद्दल विचारायला संगणकाकडे काही नसतं. खातं उघडत नाही. मग फोन करा, कागद अपलोड करा, थांबा. अमेरिकी सरकारच्याच ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोने 2015 मध्ये मोजलं होतं: कृष्णवर्णीय आणि लॅटिनो प्रौढांपैकी सुमारे 15 टक्क्यांच्या नावावर क्रेडिटची नोंदच नाही, गोऱ्यांत ते प्रमाण 9 टक्के. हप्ता भरायचं म्हटलं तर बँक खातं हवं असं लोकांना वाटतं, आणि 2021 मध्ये गोऱ्यांच्या शंभर कुटुंबांपैकी दोनांकडे ते नव्हतं तर कृष्णवर्णीयांच्या शंभरांपैकी अकरांकडे. खरं तर कंपन्यांना मनीऑर्डर आणि प्रीपेड कार्डही घ्यावंच लागतं, तसा नियम आहे. पण हे कोणीतरी सांगावं लागतं.

मग अर्जात एक प्रश्न येतो, तुमचा वंश कोणता. उत्तर ऐच्छिक आहे. पण त्या रकान्याशी आल्यावर समोरचं माणूस थबकतं. एका कृष्णवर्णीय आजीबाईंनी चष्मा काढून मला विचारलं होतं, “हे लिहिलं की हप्ता वाढतो का गं, बाळ?” त्या नेवार्कमध्येच लहानाच्या मोठ्या झालेल्या, नातवाचा अर्ज भरायला आलेल्या. मी नाही म्हणाले, कायद्याने वाढवताच येत नाही म्हणाले. नातवाने खूण केली ‘उत्तर देऊ इच्छित नाही’ या चौकोनात. त्यांच्या आधीच्या पिढ्यांना त्या रकान्याने काय दिलं होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी आग्रह करत नाही. पण अशी उत्तरं कोरी राहिली की पुढे कोणाला विमा मिळतो आणि कोणाला नाही हे मोजणंही अवघड होतं, हेही तितकंच खरं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो ब्राँझ आणि सिल्व्हरच्या पानावर. पॉलिस्यांना धातूंची नावं आहेत: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. ब्राँझचा हप्ता सगळ्यात कमी, पण आजारी पडलं की आधी आपल्या खिशातून हजारो डॉलर भरायचे आणि मग कंपनी भरायला लागणार. त्या आधी भरायच्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. कमी मिळकतीच्या कुटुंबासाठी कायद्याने आणखी एक सोय केली आहे, आणि ती फक्त सिल्व्हर घेतलं तरच मिळते: डिडक्टिबल खूप खाली येतं, डॉक्टरची फी कमी होते. दारिद्र्यरेषेच्या दीडपट ते दुप्पट मिळकत असलेल्यासाठी ही पॉलिसी सरासरी खर्चातला 87 टक्के वाटा उचलते, त्याहून कमी मिळकत असेल तर 94 टक्के. म्हणजे जवळजवळ प्लॅटिनम, सिल्व्हरच्या किमतीत. पण पडद्यावर पॉलिस्या हप्त्याप्रमाणे चढत्या क्रमाने दिसतात आणि वर असतं ब्राँझ.

ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटमधला नेपाळी आचारी असाच आला होता. बायको पार्लरमध्ये, एक मुलगी, तिघांत वर्षाला चाळीस हजार डॉलर. त्याने फोनवर स्वतःच ब्राँझ घेतलं होतं, कारण हप्ता शून्य दिसत होता. मार्चमध्ये बायकोला पित्ताशयाचे खडे झाले. दवाखान्याचं बिल घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला वाटत होतं की कंपनीने फसवलं. फसवलं नव्हतं, सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. महिन्याला थोडेसे डॉलर भरून सिल्व्हर घेतलं असतं तर ते बिल काही शेकड्यांत आटोपलं असतं. ते आता काही हजारांचं होतं, आणि तो ते अजून हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. “दीदी, मलाई कसैले भनेन,” असं तो नेपाळीत म्हणाला. मला कोणी सांगितलंच नाही. त्याला नोव्हेंबरमध्ये वीस मिनिटं जाणत्या माणसाशेजारी बसायला मिळालं असतं तर हे झालं नसतं. आपल्याकडे मेडिक्लेम घेताना ओळखीतला एजंट घरी येऊन चहा घेत समजावतो. त्याचं कमिशन असतं हे खरं, पण प्रश्न विचारायला समोर माणूस असतो. इथे कमिशनवाले दलालही आहेत आणि त्यांतले बरेच प्रामाणिक आहेत. पण 2024 मध्ये, आम्हाला न विचारता पॉलिसी काढली किंवा बदलली, अशा लाखाहून जास्त तक्रारी केंद्र सरकारकडे आल्या. म्हणून कोणाच्याही कमिशनवर नसलेलं माणूस लागतं.

आणि भीती आहेच. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरिताला या बाजारात स्वतःचे पूर्ण पैसे मोजूनही पॉलिसी घेता येत नाही. कायद्यानेच बंदी आहे. पण त्याची इथे जन्मलेली मुलं नागरिक असतात, त्यांना सगळं मिळायला हवं. न्यू जर्सीत तर 2023 पासून कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही राज्याच्या योजनेत घेतात. तरी आईबाप अर्ज करत नाहीत, कारण पत्ता सरकारला कळेल. 2025 च्या जूनमध्ये मेडिकेडची माहिती इमिग्रेशन खात्याकडे दिली गेल्याची बातमी आली. त्यानंतर आलेल्या लॅटिनो बायांना ‘तुमचा पत्ता कुठे जाणार नाही’ असं छातीठोक सांगणं मला शक्य राहिलेलं नाही. मी काय माहीत आहे ते सांगते, आणि काही जणी फॉर्म अर्धा टाकून उठून जातात.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक गोष्ट येईल, आमच्या मराठी मंडळातही ती ऐकू येते: आपल्या लोकांचं बरं चाललं आहे की. एशियनांचा विम्याविना असण्याचा आकडा गोऱ्यांपेक्षाही किंचित कमी आहे, ते खरं. पण त्या एका सरासरीत सांताक्लाराचा इंजिनिअर आणि जॅक्सन हाइट्सचा बांगलादेशी टॅक्सीवाला एकत्र घातले आहेत. कायदा येण्यापूर्वी कोरियन लोक याच सरासरीत झाकलेले होते. दुकानदारी करणारी, स्वतःच्या धंद्यावर जगणारी ती माणसं. त्यांच्यात विमा नसलेल्यांचं प्रमाण भारतीयांपेक्षा कितीतरी जास्त होतं. नोंदणी सुरू झाल्यावर चर्चनी आणि त्यांच्या सामुदायिक संस्थांनी टेबलं मांडली, कोरियन बोलणारी माणसं बसवली, आणि तो आकडा झपाट्याने उतरला. पैसे त्या कायद्याने दिले हे खरं, पण ते घ्यायला लोकांना हाताला धरून नेलं समाजाने.

शिवाय आपलं ‘बरं’ नोकरीला टांगलेलं आहे. एच-वन व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की विमा गेला. तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा तर पूर्ण रक्कम आपण भरायची, आणि नोकरीतल्या कौटुंबिक विम्याची सरासरी किंमत 2025 मध्ये वर्षाला जवळजवळ 27 हजार डॉलर होती. आजवर अशा वेळी बाजारातली सवलत हा आधार होता. 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्याने 2027 पासून ती सवलत ग्रीनकार्डधारक आणि मोजक्या दोन-तीन गटांपुरती केली. एच-वन, एच-फोर, विद्यार्थी, आश्रयाला आलेले निर्वासित, सगळे बाहेर. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. मुलांनी ग्रीनकार्ड करून बोलावलेल्या आईवडिलांना पहिली पाच वर्षं मेडिकेअर मिळत नाही, बहुतेक राज्यांत मेडिकेडही नाही. त्यांना याच बाजारातून पॉलिसी घ्यावी लागते. ज्यांची स्वतःची मिळकत दारिद्र्यरेषेखाली आहे आणि जे मुलांच्या टॅक्समध्ये अवलंबून म्हणून दाखवलेले नाहीत, अशांची सवलत 2026 पासूनच गेली. पुण्यातला फ्लॅट विकून इकडे यायच्या आधी हा हिशेब मुलांकडून कागदावर मांडून घ्या. सहा महिन्यांसाठी बाळंतपणाला येणाऱ्यांचा प्रवासी विमा ही निराळी गोष्ट, त्याची यात गल्लत करू नका.

2021 पासून मिळणारी वाढीव सवलत 2025 संपताना संपू दिली गेली. तिच्यामुळे या बाजारातले विमाधारक एक कोटी वीस लाखांवरून दोन कोटी चाळीस लाखांवर गेले होते. ती गेल्यावर सवलत घेणाऱ्याचा सरासरी वार्षिक हप्ता 888 डॉलरवरून 1,904 वर जाईल, असा कैसर फॅमिली फाउंडेशनचा म्हणजे केएफएफचा अंदाज होता. गेल्या जानेवारीत माझ्या टेबलाशी आलेल्यांना नवा आकडा दाखवताना मी पडदा त्यांच्याकडे वळवायची आणि आधी पाणी द्यायची.

हा पैशाचा प्रश्न संसदेत सुटेल तेव्हा सुटेल. माणसांच्या प्रश्नाचं काय? केंद्र सरकारच्या बाजारात अर्जाला मदत करणाऱ्यांना नॅव्हिगेटर म्हणतात. त्यांचं अनुदान 2016 मध्ये 6 कोटी 30 लाख डॉलर होतं. दोन वर्षांत ते एक कोटीवर आणलं. पुढच्या सरकारने ते दहा कोटींच्या घरात नेलं, आणि 2025 मध्ये ते पुन्हा एक कोटीवर आलं. अब्जावधींच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसतही नाही. आणि नेमक्या याच काळात काम वाढवलं आहे: नोंदणीची मुदत डिसेंबरअखेर संपवण्याचा नियम आला आहे, 2028 पासून सवलत आपोआप पुढे चालू राहणार नाही, मिळकत, पत्ता आणि इमिग्रेशनचे कागद दरवर्षी नव्याने सिद्ध करावे लागतील. कागद वाढवायचे आणि कागद वाचून दाखवणारा काढून घ्यायचा, याचा परिणाम कोणावर होणार हे ठरवणाऱ्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याला इंग्रजी येतं, ज्याचा सीपीए मित्र आहे, त्याचं काही बिघडणार नाही.

आमच्या मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे शनिवार हॉल सकाळी मोकळाच असतो. तिथे चार टेबलं, वायफाय आणि प्रिंटर ठेवावा, तरुण मंडळींनी प्रशिक्षण घ्यावं; ते ऑनलाइन होतं आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. खजिनदारांनी विचारलं, यात आपल्या लोकांना किती फायदा होणार? मी सांगितलं, किती मराठी घरं बाजारातून विमा घेतात हे आपण कधी विचारलंच नाही, कारण विचारलं तर माणूस नोकरी गेल्याचं कबूल करावं लागेल म्हणून संकोचतो. आणि दुसरं, ते टेबल फक्त मराठी माणसासाठी मांडायचं नाही. हॉलच्या मागच्या गल्लीत राहणारी इक्वेडोरची कुटुंबं, गणपतीत आपला स्वयंपाक करणारे नेपाळी आचारी, हॉल झाडणारा हैतीचा गृहस्थ, सगळ्यांना फलक त्यांच्या भाषेत लावून बोलवायचं. मतदान पुढच्या सभेत आहे. ठराव मंजूर झाला तर प्रशिक्षण ऑक्टोबरच्या आत पुरं करावं लागेल, तेव्हा ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं आत्ताच द्यावीत. स्पॅनिश येणाऱ्यांची आधी गरज आहे.